गोधडी अंथरायची कुठे?

“काकू, ऐकलंत का? कोपऱ्यावरच्या वहिनींनी म्हणे गणपतीच्या देवळात गोधडी अंथरली.”

“ऐकतेस काय, मी बघून आले. प्रदक्षिणेला गेले तर सभामंडपात मधोमध ही ऐसपैस गोधडी, चार कोपऱ्यांवर वजनाला देवळातल्या चार समया, आणि बाई मध्ये गुडघ्यांवर. आपण आपलं कडेकडेनं सरकत जायचं. एका पोरानं तर देवाला केला तसा गोधडीलाही नमस्कार केला.”

“समया? आणि तेलाचं काय?”

“पुसल्या होत्या म्हणे. मी तरी माझं लुगडं त्यांच्याखाली घातलं नसतं.”

“गुरुजी काही बोलले नाहीत?”

“बोलतील कसे? त्यांच्या नातवाचं दुपटं याच बाईंनी शिवलंय.”

आमच्या आणि काकूंच्या अंगणामध्ये तारेचं कुंपण आहे, त्यावर कृष्णकमळ चढलंय. काकू सुकलेली पानं काढायचं निमित्त करतात, मी दोरीवरचे कपडे काढायचं. दिवाळी होऊन साताऱ्यात थंडी पडायला लागली, की कपाटं आवरता आवरता जुन्या साड्यांची बोचकी बाहेर निघतात आणि आमच्या गल्लीतल्या निम्म्या बायकांना एकदम गोधडी आठवते. सालाबादप्रमाणे मलाही आठवली होती. सासूबाईंची दोन नऊवारी लुगडी, माझ्या चार सुती साड्या, असं सगळं धुऊन, वाळवून, इस्त्री करून तयार होतं. प्रश्न एकच होता, आणि तो देवळापर्यंत पोचलेल्या वहिनींचाही होता.

“पण घर सोडून देवळात कशाला जायचं माणसानं?”

“अगं, तिच्या हॉलमध्ये पाय ठेवायला जागा आहे का? तो एल आकाराचा सोफा, टीपॉय, कोपऱ्यात दिवाण, टीव्हीखाली ते लांबलचक कपाट. हॉल मोठा आहे, नाही असं नाही. पण सलग सात बाय पाच फूट फरशी मोकळी काढून दाखव म्हणावं!”

काकूंचं खरं होतं. गोधडी शिवायला जागा लागत नाही. मांडीवर घेऊन शिवा, पायरीवर बसून शिवा, मालिका बघत शिवा. जागा लागते ती अंथरायला. खालचं लुगडं पसरायचं, त्यावर मधले थर, त्यावर वरचं कापड, आणि सगळं एकमेकांना कच्च्या टाक्यांनी धरून ठेवायचं. एवढं झालं की पुढचे दोन महिने ती घडी घालून कुठेही न्या. पण त्या पहिल्या दोन तासांत आत जी चुणी राहिली ती जन्माची राहिली. वरून कितीही बारीक धावदोरा घाला, पांघरल्यावर ती बरोबर कुशीत टोचते.

“आमच्या माहेरी हा प्रश्नच नव्हता,” काकू म्हणाल्या. मला वाटलंच होतं की माहेर येणार. “सोप्यात पसरायचं. चार बाजूंनी चार बायका बसायच्या, त्याही गोधडीवरच. वेगळं वजन कशाला? आमची थोरली काकू एका कोपऱ्यावर बसली की तो कोपरा भूकंपातसुद्धा हलला नसता. आणि भुई सारवलेली. सुईचं टोक खाली लागलं तर मातीत रुतायचं. तुझ्या या व्हिट्रिफाइड फरशीवर लागलं की टोक गेलंच म्हणून समज.”

“फरशी निसरडीपण आहे. खालचं लुगडं सरकतं.”

“चिकटपट्टी लाव की! रंगारी लावतात ना भिंतीच्या कडेला, ती कागदी. खालचं कापड उलटं पसरायचं आणि चारी बाजूंना पट्टीनं फरशीला चिकटवायचं. ताठ हवं, पण ताणलेलं नको. ताणून चिकटवलंस तर पट्टी काढल्यावर ते आकसतं आणि वरच्या कापडाच्या चुण्या होतात. मग बस रडत.”

एवढ्यात काकूंना रस्त्यावरून जाणारी कुणीतरी दिसली, तिच्या सुनेच्या नोकरीची चौकशी झाली, ती सून घरात पोळ्या लाटते की विकत आणते हेही कळलं, आणि आम्ही परत लुगड्यावर आलो.

“तुझ्या त्या सासूबाईंच्या लुगड्याला कात्री लावू नकोस हं. नऊवार म्हणजे सव्वाआठ मीटर कापड. दोन-दोन मीटरवर घडी पाडलीस की आपसूक चार थर होतात. मधल्या घड्या तशाच राहू देत, त्या बाजूला थर सुटायची भीती नाही.”

“टाके कुठून सुरू करू? काठाकडून की मधून?”

इथं काकू पानं काढायच्या थांबल्या. हा त्यांचा प्रांत.

“ऐक. पक्का धावदोरा आपण काठाकडून घालतो, चौकोनात चौकोन करत आत येतो, बरोबर? म्हणून सगळ्यांना वाटतं की कच्चे टाकेही तसेच घालायचे. आधी चारी काठ शिवून बंद करायचे. आणि मग कुठंतरी बोटभर कापड जास्त झालं की ते जाणार कुठं? चारी दारं बंद! ते मध्ये गोळा होतं आणि गोधडीला पोट सुटतं. कच्चा टाका मधून बाहेर घालायचा. हातानं कापड मधून काठाकडे सारत जायचं, झोळ असेल तो कडेनं निघून जातो. झोळाला पळायला वाट ठेवायची, एवढंच यातलं शास्त्र.”

“पण त्या हल्याळच्या कवंदीबद्दल तुम्हीच सांगितलं होतंत. ती तर काठापासून आत येते.”

काकूंच्या यजमानांची बँकेची बदली मागं कधीतरी उत्तर कन्नडात हल्याळला झाली होती. त्या भागात, तिथून यल्लापूर-मुंडगोडपर्यंत, सिद्दी लोकांची वस्ती आहे; कवंदी ही त्यांची गोधडी. मूळचे आफ्रिकेतले, पिढ्यान्‌पिढ्या इथले, आणि घरात बोलतात कोकणी. त्यामुळे काकूंचं त्यांच्याशी निम्मं मराठीत, निम्मं हातवाऱ्यांनी छान जमायचं.

“ती गोष्ट वेगळी. त्या बायका वरचं कापड एकदम टाकतच नाहीत ना! खाली साडी, आणि कोपऱ्यापासून एकेक चिंधी दुमडून ठेवायची, टाचायची, की पुढची चिंधी. असं फिरत फिरत आत. प्रत्येक चिंधी ठेवताना झोळ तिथल्या तिथं जिरतो. त्यांना अंथरायला मोठी जागाही लागत नाही आणि कच्चे टाकेही लागत नाहीत. दारातल्या पायरीवर बसून मोठी कवंदी करतात. शेवटी चार कोपऱ्यांना घडीची फुलं लावतात, त्याशिवाय ती पुरी झाली असं मानत नाहीत. आपण अख्खी साडी वर टाकणार, मग आपल्याला सरळ फरशी शोधत फिरणं आलं.”

मला विचाराल तर आजच्या बायकांचे हाल जागेपेक्षा साड्यांनी जास्त केलेत. पूर्वी गोधडीत जायचं ते वापरून वापरून मऊ झालेलं सुती कापड. सुती कापड सुती कापडाला धरून बसतं, हातानं सपाट केलं की हलत नाही. आता बोचक्यातून निघतं काय, तर जॉर्जेट, शिफॉन, कसल्याशा सिंथेटिक सिल्कच्या भेटीत आलेल्या साड्या. त्या एकमेकींवर ठेवल्या की वरची कधी पायाशी येऊन पडेल सांगता येत नाही. अशा साड्यांना कच्चे टाके दुप्पट लागतात. काकूंना हे पटलं, आणि त्या निमित्तानं गल्लीत कोण भेटीत कसल्या साड्या देतं याची उजळणी झाली. ती इथं सांगण्यात अर्थ नाही.

“पण काकू, माझे गुडघे फरशीवर बसायचं नाव काढू देत नाहीत. पलंगावर अंथरलं तर?”

“पलंगावर? मागच्या गल्लीतल्या मास्तरीणबाईंचं विसरलीस?”

कोण विसरेल! मास्तरीणबाईंनी पलंगावर ऐटीत गोधडी अंथरली, दुपारभर टाके घातले, आणि उचलायला गेल्या तर गोधडीबरोबर पलंगावरची चादरही वर आली. एकदम पक्की, मधोमध. उसवायला शेजारणी बोलावल्या तेव्हा ही बातमी फुटली. मऊ गादीवर हात दाबला की कापड खाली जातं, सुई किती खोल गेली कळत नाही. शिवाय गादी मध्ये दबते, म्हणजे तुम्ही सपाट समजून शिवता ते मुळात खड्ड्यात असतं.

“ती चादर निदान अंगावरची नव्हती,” काकू म्हणाल्या. “आमच्या जाऊबाईंनी स्वतःचा पदर शिवून घेतला होता. जेवायला उठल्या आणि गोधडी मागं मागं.”

“मग टेबल?”

“टेबल उत्तम. कमरेएवढं हवं मात्र. जेवायचं टेबल बुटकं असतं, त्यावर दोन तास वाकलीस की रात्री पाठीला बाम. चारी पायांखाली एकेक वीट सरकव, आपल्या ओट्याएवढी उंची येते.”

“पण गोधडी टेबलापेक्षा मोठी असणार. मध्य कसा कळायचा? थर घातले की खालचं काहीच दिसत नाही.”

यावर काकूंनी जे सांगितलं ते मला फार आवडलं. टेबलाच्या चारी कडांचा मध्य मोजायचा आणि तिथं आगपेटीची एकेक काडी चिकटपट्टीनं पक्की लावायची. प्रत्येक कापडाची चौघडी करून मध्य काढायचा, बोटांनी काडी चाचपायची आणि मध्यावर मध्य आणून कापड उलगडायचं. डोळ्यांना दिसत नाही ते बोटांना लागतं. मग टेबलाच्या कडांना चिमटे. कपडे वाळत घालायचे चिमटे चालत नाहीत, त्यांचा जबडा लहान. ऑफिसात कागदांच्या गठ्ठ्याला लावतात ते काळे चिमटे हवेत. टेबलावरचा भाग टाचून झाला की चिमटे सोडायचे, गोधडी सरकवायची, खालचं कापड पुन्हा ताठ करायचं आणि पुढचा भाग घ्यायचा.

“मेजरसाहेबांच्या बायकोनं तर याच्याही पुढं मजल मारली,” काकू आवाज खाली आणून म्हणाल्या. खाली आणलेला आवाज दोन घरं पलीकडं जातो, पण ते असो. “क्लबहाऊसमधलं टेबल टेनिसचं टेबल!”

“काय सांगता!”

“नऊ फूट लांब, पाच फूट रुंद. अगदी गोधडीच्या मापाचं. जाळी काढून ठेवली आणि दुपारी पोरं शाळेत असताना आत शिरली. किल्ली मेजरसाहेबांकडेच असते. पण वेळेत आटपेल तर ना! पोरं आली, बॅटी घेऊन दारात उभी. ही म्हणते, आणखी अर्धा तास. पोरं म्हणतात, आमची स्पर्धा आहे. शेवटी तिनं पोरांनाच कामाला लावलं. दोघांनी टोकं धरली, एक जण सुया ओवत बसला.”

“आणि टेबलाला ओरखडे?”

“तेच ना! दोन-चार पडले म्हणे. चमचा घेतला नव्हता तिनं.”

चमच्याची गोष्ट मी काकूंकडे प्रत्यक्ष बघितलेली आहे. डाव्या हातात चहाचा स्टीलचा चमचा, पातळ कडेचा. जिथून सुई वर यायची तिथं चमच्याची कड कापडावर दाबून धरायची. उजव्या हातानं सुई थरांतून तिरकी घालायची; टोक खालच्या टेबलाला जेमतेम लागतं न लागतं तोच कडेवर येतं, बारीक टक् असा आवाज होतो, आणि चमचा जरासा उचलला की टोक त्यावरून घसरत वर येतं. मागून अंगठ्यानं रेटा. टोकाखाली बोट घालावं लागत नाही, त्यामुळे बोटांची चाळण होत नाही. काकूंचा तो चमचा आतून बारीक रेघांनी भरलाय आणि शिवणाच्या डब्यात असतो. घरात कुणी तो पोहे खायला घेतला तर महाभारत होतं.

दोऱ्याचंही त्यांचं एक आहे. लांबलचक दोरा घ्यायचा, गाठ मारायचीच नाही. गोधडीच्या मध्यावरून सुरू करायचं, निम्मा दोरा मागं लोंबत ठेवून निम्म्यानं एका काठापर्यंत जायचं. मग सुई मागच्या निम्म्यात ओवून दुसऱ्या काठापर्यंत. नंतर काढताना मधला एक टाका उचलून ओढला की दोन्हीकडून सरसर निघतो. टाका बोटभर लांब, दोन ओळींत मुठीएवढं अंतर. रंग कापडापेक्षा वेगळा पण फिकट, कारण लाल-काळ्याचा रंग उतरला तर जायचा नाही. आणि दोरा स्वस्तातला, कच्चा. पक्क्या शिवणीत कुठं अडकलाच तर तो तुटावा, कापड फाटू नये.

“माझी भाची न्यू जर्सीला असते,” मी म्हटलं, “ती टाके घालतच नाही. तिथं स्प्रे मिळतो. एका थरावर फवारायचा, दुसरा थर वर चिकटवायचा. धुतला की जातो.”

“जातो ना? आणि नाकात जातो त्याचं काय?”

“खिडक्या उघड्या ठेवून करते, आणि जवळपास गॅस पेटलेला नको. कडेनं फरशीवर उडतो तो मात्र चिकचिकतो.”

“मग कच्चे टाके काय वाईट होते? पुसायला तर लागत नाहीत.”

माझं मत काकूंइतकं टोकाचं नाही. निसरड्या साड्यांना आणि दुखऱ्या मनगटांना स्प्रे वरदान आहे. पण तान्ह्या बाळाच्या दुपट्याला मी तो वापरणार नाही. भाचीच्या मैत्रिणी सेफ्टी पिना लावतात. मुठीएवढ्या अंतरावर एक म्हटली तरी सात बाय पाच फुटांच्या गोधडीला तीनशेच्या वर पिना होतात. काकूंनी हिशेब ऐकून कपाळाला हात लावला. नवऱ्या मुलीच्या शालूलासुद्धा इतक्या लागत नाहीत. आणि आपली शिवण रेंगाळणारी; पिना तशाच राहून पावसाळा आला की गंजाचे ठिपके.

“तिकडं जागेचा प्रश्न नसेल,” काकू म्हणाल्या. “घरं मोठी.”

“घरं मोठी, पण भिंतीपासून भिंतीपर्यंत गालिचा. त्यावर अंथरलं तर मास्तरीणबाईंसारखं, गालिच्यासकट उचलायचं. ती सार्वजनिक हॉलमधली दोन टेबलं जोडून करते. पूर्वी तिथल्या घरांत म्हणे लाकडी चौकट छताला दोरांनी टांगलेली असायची. तिच्यावर गोधडी ताणून बायका भोवती बसून शिवायच्या, आणि जेवायची वेळ झाली की चौकट वर ओढून ठेवायच्या.”

हे मात्र काकूंना एकदम पसंत पडलं. त्यांनी त्यांच्या हॉलच्या छताकडं, म्हणजे खिडकीतून जेवढं दिसत होतं तेवढ्याकडं, बघितलं. “पंखा आडवा येतो,” म्हणाल्या.

“तुम्ही अलीकडं कशा करता? तुमचेही गुडघे...”

“मी खुर्चीत बसते, पडद्याचे दोन दांडे घेऊन.”

मग कुंपणावरूनच दोन्ही हातांनी दाखवलं. खालचं कापड एका दांड्याला गुंडाळायचं, वरचं दुसऱ्याला. दोन्हीच्या मोकळ्या कडा टेबलावर एकमेकींवर आणायच्या, मध्ये थर ठेवायचे आणि हातभर भाग उलगडून टाचायचा. तो झाला की दोन्ही दांडे सारखेच फिरवायचे, पुढचा हातभर. झालेली गोधडी आपल्या मांडीवर जमा होत येते आणि न झालेली पलीकडे गुंडाळलेली राहते. अडीच फूट रुंद टेबलही पुरतं. मधून बाहेरचा नियम इथं मोडत नाही का, असं मी विचारलं. नाही, झोळ सगळा पुढं पुढं सरकतो आणि शेवटच्या मोकळ्या काठातून निघून जातो. वाट असली म्हणजे झालं, मग ती चारी बाजूंना असो की एकाच.

“फक्त दोन्ही दांडे सारखे फिरायला हवेत,” काकू म्हणाल्या. “एक सैल, एक घट्ट झालं की तिरकं जातं. म्हणून दुसऱ्या बाजूला धरायला माणूस लागतं. यांना बसवलं होतं एकदा. पेपर वाचत वाचत उलटा फिरवत होते.”

गच्चीचंही आमचं बोलून झालं. उजेड भरपूर, जागा मोकळी, पण साताऱ्याचा वारा. गेल्या वर्षी कुणाचं तरी वरचं लुगडं अंथरता अंथरता उडून शेवग्यावर जाऊन बसलं होतं, ते काढायला केबलवाल्याला शिडी घेऊन बोलवावं लागलं.

“मग ठरलं तर,” काकू म्हणाल्या. “गुरुवारी हे हास्यक्लबच्या सहलीला जाणार आहेत, दिवसभर घर मोकळं. टेबल माझं, विटा तुमच्या बागेतल्या आण. धुऊन आण, गांडुळं नकोत. ते काळे चिमटे तुझ्या नवऱ्याच्या ऑफिसातून येऊ देत.”

“दोघींनी भागेल?”

“टेबलावरचं भागेल. पण खाली पडलेली सुई, सरकलेल्या विटा, हे वाकून बघायला कुणीतरी हवं. त्या कोपऱ्यावरच्या वहिनींना बोलव. तिचे गुडघे अजून शाबूत आहेत.”